घर आपोआप चालतं, रविवार सोडून

सिंगापुरात पुंगोलच्या सरकारी (एचडीबी) फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मराठी अभियंत्याचं दुःख असं, की या देशात त्याला सुधारायला काही उरलेलंच नाही. घराजवळची मेट्रो 2003 पासून चालकाविना धावते. 2014 मध्ये सरकारने अख्खा देशच ‘स्मार्ट नेशन’ करायला काढला. पुढच्या वर्षी तेव्हाचे पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी स्वतः सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, सुडोकू सोडवणारा प्रोग्राम लोकांसमोर ठेवला. आता राजाच कोड लिहितो म्हटल्यावर प्रजेने नुसतं मोबाइलवर वीजबिल भरत बसायचं?

मग गृहस्थ शनिवारी सिम लिम टॉवर गाठतात. सिम लिम स्क्वेअर नव्हे, तिथे तयार लॅपटॉप घेणारी सामान्य माणसं जातात. टॉवरमधून रिले, सेन्सर, जंपर वायरी येतात. वाटेत टेक्का बाजारातून कढीपत्ता आणायचा असतो, तो येत नाही. भिंतीतली 230 व्होल्टची वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनची, त्यामुळे सगळं शौर्य 5 व्होल्टांत गाजवायचं.

पहिला प्रकल्प कपड्यांचा. खिडकीबाहेरच्या दांडीवर पावसाचा सेन्सर बसतो. दुपारी थेंब पडला की चांगी बिझनेस पार्कमध्ये मीटिंगला बसलेल्या साहेबांचा फोन थरथरतो. साहेब बाहेर येऊन घरी फोन लावतात, “पाऊस येतोय, कपडे आत घे!” पलीकडून आवाज येतो, “घेतले, सर.” तिने जोहोरच्या बाजूचं आभाळ पाहिलेलं असतं.

ती म्हणजे हेल्पर. घरात हेल्पर आहे हे सांगायचं राहिलंच. साहेबांच्या सर्किट डायग्राममध्येही ती नसते. सिंगापूरने 1978 मध्ये घरकामासाठी परदेशी बायका आणायची योजना काढली. आज त्यांची संख्या अडीच लाखांच्या वर आहे आणि मालकाने सरकारला भरायची लेव्ही, सवलत नसेल तर, महिना 300 डॉलर. यापेक्षा कमी बिघडणारी यंत्रणा अजून तरी निघालेली नाही.

दुसरा प्रकल्प तुळशीचा. मातीतला सेन्सर कोरडेपणा ओळखतो, पंप पाणी सोडतो, पाणी कुंडीखालच्या ताटलीत साचतं. साचलेल्या पाण्यात एडिस डास अंडी घालतो आणि पर्यावरण खात्याचा निरीक्षक दारात उभा राहतो. म्हणून हेल्पर रोज ताटली ओतते. पूर्वी ती तुळशीला तांब्याभर पाणी घालायची. आता तुळस स्वयंचलित झाल्यामुळे ताटली रिकामी करायची, टाकी भरायची आणि पंपात अडकलेला कचरा काढायचा, एवढंच काम उरलंय.

आपण जे काम जन्मात केलं नाही, तेच वाचवण्याची पुरुषांना भारी हौस. भांडी घासणाऱ्या हाताला विचारलं असतं तर त्याने दिव्याचा रंग आवाजावर बदलायची सोय नक्कीच मागितली नसती. पण विचारतो कोण? ‘युजर’ म्हणजे साहेब. बाकीच्यांनी भिंतीवरच्या बटणाला हात लावायचा नाही. त्यावर चिकटपट्टी आहे, कारण बटण बंद झालं की हुशार दिव्याची बुद्धी जाते.

खरी परीक्षा रविवारी. 2013 पासून हेल्परना आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळते. 2023 पासून महिन्यातली निदान एक तरी पैसे देऊन विकत घेता येत नाही. ती छान तयार होऊन पाया लेबारच्या सिटी प्लाझात मैत्रिणींना भेटायला जाते. इकडे पुण्याहून आलेले पाहुणे सवयीने चिकटपट्टीसकट बटण दाबतात. बाथरूम अंधारात, पाहुणे आत. साहेब लॅपटॉप उघडून लॉग वाचतात. बाईसाहेब मेणबत्ती शोधतात. ती कुठे असते हेही हेल्परलाच ठाऊक.

शेवटी साहेब तिला मेसेज करतात. उत्तर येतं, “सर, बटण बंद करा, दहापर्यंत मोजा, परत चालू करा. मी रोज तसंच करते.”

दिवा लागतो. संध्याकाळी साहेब प्रकल्पाच्या वहीत नोंद करतात: आवृत्ती 2.0, बिघाड आपोआप दुरुस्त होण्याची सोय यशस्वी.