हॅलोराव

हॅलोरावांची मान डावीकडे कलती आहे. पासपोर्टचा फोटो काढताना फोटोग्राफर म्हणतो, "काका, मान सरळ." हे म्हणतात, "सरळच आहे." वीसेक वर्षं डावा कान आणि डावा खांदा यांच्या बेचक्यात फोन धरून स्कूटर चालवली की माणसाला स्वतःची मान सरळ आणि पुणं वाकडं दिसू लागतं. नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं. संध्याकाळी गेटमधून आधी "हॅलो, हॅलो, आता येतंय का ऐकू?" आत येतं आणि मागून स्कूटर.

त्यांना फार फोन येतात, असा कुणाचा समज होईल. तसं नाही. बहुतेक फोन ते स्वतः लावतात. घरात सोफ्यावर बसले असताना त्यांना कुणाची म्हणून आठवण होत नाही. स्टँड काढून गाडी सुरू केली की माणसं आठवू लागतात. कर्वे पुतळ्यापाशी साताऱ्याची बहीण, नळ स्टॉपला गॅस एजन्सी, डेक्कनला भाच्यासाठी स्थळं सुचवणारे गृहस्थ. पलीकडच्याने भिडस्तपणे विचारलं, "कामात नाही ना?" तर उत्तर ठरलेलं, "छे छे, गाडीवर आहे. बोला निवांत."

गाडी चालवणं हे काम आहे, हेच मुळी त्यांना मान्य नाही. रस्ता म्हणजे दोन कामांच्या मधला मोकळा वेळ, आणि तो वाया घालवणं त्यांच्या कोकणस्थी रक्ताला झेपत नाही. सिग्नल हिरवा होतो, मागून हॉर्न सुरू होतात, तेव्हा हे डावा पंजा उंचावून अख्ख्या कर्वे रस्त्याला "एक मिनिट" अशी खूण करतात.

शिवाय त्यांचं बोलणं एका वेळी दोघांशी चालतं, एक फोनमधला आणि एक रस्त्यावरचा. "मुलगी बीकॉम म्हणालात ना? अहो, शिक्षणाचं काही नाही... आंधळा आहेस का रे? एवढी मोठी गाडी दिसत नाही? ...हां, तर पत्रिका पाठवा." भाच्याचं एक चांगलं स्थळ अशा रीतीने गेलं. मुलीच्या वडिलांनी पत्रिका पाठवली नाही. पीएमपीच्या ड्रायव्हरला काढलेले उद्गार त्यांनी स्वतःकडे घेतले होते.

कायद्याशी मात्र हॅलोरावांचं वैर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ त्यांना अथर्वशीर्षाइतकं पाठ आहे. २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात फोन वापरणं 'धोकादायक वाहन चालवणं' या सदरात नाव घेऊन घातलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १००० ते ५००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. देशात हे १ सप्टेंबर २०१९ पासून सुरू झालं. महाराष्ट्राने वाढीव दंडाला थांबवून धरलं आणि जागेवर भरायची नवी रक्कम लागू झाली ती डिसेंबर २०२१ मध्ये, दुचाकीला १००० आणि मोटारीला २०००. मधली सव्वादोन वर्षं शासनाने आपल्याला व्यक्तिशः दिलेली सूट होती, असं हॅलोराव धरून चालतात. त्यातला बराच काळ टाळेबंदीत गेला, याची त्यांना अजून हळहळ आहे.

त्यांचा पहिला बचाव हातांचा होता. "फोन हातात कुठे आहे? हे बघा, दोन्ही हात हँडलवर." म्हात्रे पुलापाशी अडवणाऱ्या हवालदाराने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे, काका. आता मान जरा सरळ करा." मान सरळ झाली आणि फोन डांबरावर आपटला. "आता घ्या हातात," हवालदार म्हणाला. त्या दिवशी त्याने पावती केली नाही. फोनची काच बदलायला दंडापेक्षा जास्त लागले.

मग त्यांनी हेल्मेट घेतलं. पुण्यात माणूस आपण होऊन हेल्मेट घेतो, याचं सोसायटीत कौतुक झालं. कौतुक करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं की ते डोक्यासाठी नसून फोन कानाशी खोचून ठेवायला आहे. बॅटरी संपली की हॅलोराव हेल्मेट काढून आरशाला अडकवतात.

ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमांत आणखी एक गोष्ट आली. गाडी चालवताना फोन वापरता येईल, पण फक्त रस्ता पाहण्यासाठी आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. हॅलोरावांनी यातला फक्त पहिला भाग उचलला. तेव्हापासून ते कोथरूडहून मंडईला जातानाही मॅप लावतात. या रस्त्याने ते चौथीत असल्यापासून जातायत. मॅपमधली बाई जे सांगते ते कधीच करत नाहीत. ती साक्षीदार म्हणून बरोबर घेतलेली असते.

आणि अखेरचं अस्त्र म्हणजे केरळ. गाडी चालवताना कुणी फोनवर बोललं, एवढ्यानेच लोकांना धोका झाला असं धरता येत नाही, असं केरळ उच्च न्यायालय २०१८ मध्ये म्हणालं होतं. मी त्यांना समजावलं की तो निकाल केरळच्या पोलीस कायद्यातल्या एका कलमापुरता होता आणि नंतर केंद्राचाच कायदा बदलला. "तुम्ही तपशिलात अडकता. तत्त्व बघा, तत्त्व!" असं म्हणत ते निकालाचं कात्रण दाखवण्यासाठी फोन चाळू लागले. आम्ही तेव्हा सिंहगड रस्त्याला होतो, चाळीसच्या वेगात, आणि मी मागे बसलो होतो. तत्त्व मी ताबडतोब मान्य केलं.

एवढी तयारी करूनही एका गोष्टीकडे त्यांचं दुर्लक्ष झालं. स्कूटर वहिनींच्या नावावर आहे. ई-चलन गाडीच्या नंबरावर निघतं आणि मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो. दांडेकर पुलापाशी कुणा पोलिसाने टिपलेला फोटो वहिनींनी उघडला. फोटो सुरेख आला होता. कलती मान, कानाशी फोन, आणि पुढच्या हुकाला मिठाईच्या दुकानाची पिशवी. डॉक्टरांनी हॅलोरावांचं गोड बंद केलेलं आहे. खाली वेळ होती सकाळी अकरा बेचाळीस. वहिनींनी आपल्या फोनवरचे आलेले कॉल पाहिले. अकरा अडतीसला हॅलोरावांचा, सहा मिनिटांचा. तो कॉल त्यांना चांगला आठवत होता. "बँकेत आहे गं. केवढी रांग आहे! मोठ्याने बोलता येत नाही."

घरात काय झालं ते भिंतीतून आम्हाला अर्धंच ऐकू आलं. लोकअदालतीपर्यंत थांबू या, तडजोडीत रक्कम कमी होते, असं हॅलोराव सुचवत होते. वहिनींनी हजार रुपये त्याच रात्री भरून टाकले. म्हणाल्या, "कमी कशाला? फोटो पूर्ण पैशाचा आहे."

हॅलोरावांचं दुःख वेगळंच होतं. "फोनसाठी मला दंड, आणि फोटो काढला कशावर? फोनवरच ना?" पोलीस फुटपाथवर उभा होता आणि हे धावत्या गाडीवर होते, एवढा फरक त्यांच्या लेखी किरकोळ आहे.

पुढच्या वेळी ते स्वारगेटला समोरासमोर सापडले. वर्षभरही उलटलं नव्हतं. दंडाचा हिशेब त्यांनी कधीच मांडून ठेवला होता, लायसन्सचा मांडला नव्हता. चालवताना मोबाइलवर सापडणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना बजावलेलं आहे. एवढ्या पाठांतरातून नेमकं हेच निसटलं होतं. लायसन्स आरटीओकडे गेलं आणि हॅलोराव पीएमपीत आले.

परवा डेक्कनला बसमध्ये भेटले. खिडकीची जागा, दोन्ही हात मोकळे, मान त्यांच्या मानाने बरीच सरळ. तासभर बोलावं, कुणी हटकणार नाही, की फोटो काढणार नाही. मला वाटलं, आता सातारा, गॅस, भाचा, सगळ्यांचा नंबर लागेल. फोन खिशातच राहिला. नळ स्टॉपला तो वाजला. बहीण होती. हॅलोरावांनी तोंडावर हात धरला आणि कुजबुजले, "बसमध्ये आहे गं. आता कसं बोलणार? उतरल्यावर करतो."

बहिणीने घाबरून लगेच वहिनींना फोन लावला. दादाची तब्येत बरी आहे ना, म्हणाली.