काशीचं वाळवंट आणि स्वेटरातली शेळी

कॅमेरा घेतल्यावर माणसाला दोन गोष्टी होतात म्हणे, कर्ज आणि दृष्टी. मला आधी कर्ज झालं. दृष्टीसाठी रविवारचा एक वर्ग लावला. तिथले सर म्हणाले, "वाळवंटात जा. वालुकाश्मावर दिवसभर ऊन कसं फिरतं ते टिपा." मी जैसलमेरच्या गाड्या बघतोय तोवर आत्यानं काशीची तिकिटं काढलीसुद्धा. दोन. दुसरं पिशव्या उचलायला.

"अगं आत्या, मला वाळवंट हवंय!"

"मग गंगेपलीकडे काय शेणानं सारवलंय? सगळं वाळवंटच आहे." आत्यानं पंढरीच्या वाऱ्या केल्यात. तिच्या लेखी वाळवंट नदीकाठीच असतं, बाकीची उगाच पसरलेली.

दगडाच्या बाबतीतही माझं काही चाललं नाही. काशीचे घाट चुनारच्या वालुकाश्माचे आणि चुनार इथून चाळीसेक किलोमीटरवर, गंगेच्या वरच्या अंगाला. सारनाथचा सिंहस्तंभसुद्धा त्याच दगडाचा. म्हणजे ज्याच्यासाठी मी राजस्थानला निघालो होतो, त्या दगडातले सिंह माझ्या पाकिटातल्या प्रत्येक नोटेवर बसले होते. नोटाच कमी होत्या, तो भाग वेगळा.

डिसेंबरातली पहाट, साडेपाच वाजलेले. अस्सी घाटावर नावेत बसलो तेव्हा धुक्यात नावाडीही नीट दिसत नव्हता. "घबराइए मत गुरू, सूरज कहाँ भागेगा?" एवढा त्याचा आवाज आला. पाऊण तासात मी धुक्याचे 64 फोटो काढले. त्रेसष्ट एकसारखे, एकात आत्याची कानटोपी.

मग धुकं फाटलं. गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट पूर्वेला तोंड करून बसलेत. समोर नुसती वाळू, आडवं यायला एक इमारत नाही. त्यामुळे उगवतीचं ऊन मध्ये कुठे न थांबता थेट दगडावर येतं. आधी ओल्या गोणपाटासारखा दिसणारा दगड जांभळट झाला आणि दरभंगा महालाचे खांब तर बघता बघता अलाहाबादी पेरूच्या गरासारखे गुलाबी झाले. मी श्वास रोखला. तेवढ्यात शेजारच्या नावेतल्या कुटुंबानं मूठभर शेव उधळली, त्यांच्या नावाड्यानं "आओ, आओ" अशी हाळी दिली आणि शेकडो कुरव पक्षी माझ्या आणि दरभंग्याच्या मध्ये आले. फोटो निघाला. त्यात एका कुरवाचा घसा आहे. ऊन त्यावरही छान पडलंय.

पुढचा फोटो शेळीनं घेतला. म्हणजे फ्रेम घेतली. थंडीत काशीच्या शेळ्यांना घरातले जुने स्वेटर घालतात. ही राखाडी, व्ही गळ्याच्या हाफ स्वेटरात, तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांसारखी पायरीवर उभी होती. ही एकटीच होती की तिच्या गणवेशातल्या बऱ्याच होत्या, देव जाणे. जिथे चांगलं ऊन, तिथे ती हजर. नंतर पटलं, ऊन शोधायलाच आम्ही दोघं हिंडत होतो. तिला जास्त कळत होतं.

आत्या तिकडे लग्नात पाहुणे ओळखावेत तशी घाट ओळखत होती. "हा आपल्या अहिल्याबाईंचा. विश्वेश्वराचं देऊळ तिनंच बांधलं, 1780 साली. पुढे शिंद्यांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा." नावाडी म्हणाला, "अम्मा, तब तो सब आप ही का है." भाडं मात्र कमी केलं नाही.

मणिकर्णिकेला मी कॅमेरा पिशवीत घातला. तिथे फोटो काढत नाहीत. आत्याही गप्प बसली.

लगेच पुढे शिंदे घाट. बायजाबाई शिंद्यांनी 1830 साली बांधलेला, स्वतःच्याच वजनानं खचलेला. त्याच्या पायथ्याशी गाळात रुतलेलं रत्नेश्वराचं देऊळ सुमारे 9 अंश कललंय; पिसाच्या मनोऱ्यानं बघून शिकावं. वर्षातले बरेच महिने ते पाण्यात असतं. पूर्वी पुजारी बुडी मारून पूजेला जात, असं इथल्या टांकसाळीत नोकरीला असलेल्या जेम्स प्रिन्सेपनं लिहून ठेवलंय. मी ट्रायपॉडच्या पाणसळीतला बुडबुडा मध्ये आणत राहिलो. नाव हलत होती, देऊळ कललेलं होतं. हललं नाही ते फक्त घाटावरचं स्वेटर.

दुपारी पलीकडच्या वाळूत उतरलो. तिथे चक्क उंट होता! फेरीचे पैसे भरून आत्या वर बसली आणि म्हणाली, "झालं तुझं जैसलमेर?" तेव्हा कार्डात जागा थोडीच उरली होती. ती मी मावळतीच्या सोनेरी उन्हासाठी राखली आणि वाळूत ट्रायपॉड रोवून तीन तास बसलो. साडेतीनलाच घाट काळवंडू लागले. सूर्य शहराच्या पाठीमागे उतरत होता.

"घाटांचं तोंड पूर्वेला," आत्या म्हणाली, "मग संध्याकाळी त्यांच्या तोंडावर ऊन कुठून पडायचं? चल, आरती चुकेल."

घरी आल्यावर रत्नेश्वराचा फोटो मोठा करायला दिला. फोटोवाला फार कष्टाळू. त्यानं देऊळ ओळंब्यात आणून दिलं. आता ते ताठ उभं आहे, शिंद्यांचा अख्खा घाट 9 अंशांनी घसरलाय, आणि वरच्या पायरीवर मास्तर चारही पाय रोवून उभे आहेत.