दाढ इथली, नोंद तिथली

भारतात दंतवैद्याची नोंदणी राज्यागणिक होते. अक्कलदाढ कर्नाटकात आणि इंदापुरात एकाच जागी उगवते, पण १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने प्रत्येक राज्याला स्वतःची नोंदवही दिली. त्यामुळे कर्नाटकात बीडीएस होऊन तिथेच नोंदणी केलेल्या डॉक्टरने बारामतीत दवाखाना थाटला, की नाव तिकडच्या वहीतून कमी होऊन मुंबईच्या महाराष्ट्र राज्य दंत परिषदेच्या वहीत चढावे लागते. ना हरकत, वर्तणुकीचा दाखला, शुल्क. तोवर खुर्ची बसलेली, कॉम्प्रेसर धडधडतोय, पाटी रंगवून तयार. नोंदणी क्रमांकाची जागा तेवढी कोरी. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर दर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी याबाबतीत सुदैवी.

हायजिनिस्टची नोंद वेगळी. दात खरवडणारा, साफ करणारा, चमकवणारा किंवा मुखस्वच्छता शिकवणारा, अशी त्याची कायदेशीर व्याख्या. तालुक्याच्या गावी हे सारे बहुधा डॉक्टरच उरकतात, म्हणून बदलीचा प्रश्न सहसा येत नाही.

खरी बहार १९४८ च्या कायद्याच्या कलम ४९ मध्ये आहे. तातडी असेल आणि नोंदणीकृत दंतवैद्य मिळत नसेल, तर दात कोणीही उपटावा. अट एकच, भूल द्यायची नाही. म्हणजे कागद मुंबईत अडकलेल्या पदवीधरालाही अडल्या वेळी दाढ काढता येते, आणि रुग्णाला मनसोक्त ओरडता येते.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. त्यात देशासाठी एकच नोंदवही आहे. शिवाय राज्यांच्याही आहेत.