नर सापडला का?

तुडतुडेवाला ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याची फुलांकडे पाठ असते. भाद्रपदात साताऱ्याकडच्या सड्यांवर तेरडा, गेंद, सीतेची आसवं यांची नुसती उधळण चाललेली असते, पुण्याहून आलेल्या गाड्यांची खालपर्यंत रांग लागलेली असते, आणि तिथून दोन डोंगर पलीकडे, जिथे कुणी फिरकत नाही अशा माळावर हा गृहस्थ गुडघाभर गवतात उभा राहून पांढऱ्या कापडाची जाळी डावी-उजवी हाणत चाललेला असतो. बरेच हात मारून झाले की जाळीचं तोंड आवळायचं, त्यात डोकं खुपसायचं आणि तोंडात धरलेल्या रबरी नळीने आतलं काहीतरी ओढून बाटलीत घ्यायचं. लांबून बघणाऱ्याला हा नशापाण्याचा प्रकार वाटतो. वनरक्षकालाही वाटतो. म्हणून परवानगीचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवलेला असतो आणि ऐनवेळी तो भिजलेलाच निघतो.

माझ्या माहितीतले तुडतुडेवाले आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. सगळे त्यांना सर म्हणतात. एकदा मी त्यांच्याबरोबर सड्यावर गेलो होतो, तेव्हा म्हशी राखणारा एक म्हातारा बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत राहिला आणि मग म्हणाला, "काय गावतंय का सायेब?"

"तुडतुडे."

"तुडतुडं? त्यापायी एवढा डोंगर चढलाय? आमच्या भातावर चला की, पोतं भरून देतो. वर च्या पाजतो."

सरांनी त्याला गंभीरपणे सांगितलं की भातावरचा वेगळा. म्हाताऱ्याने म्हशींकडे बघून मान हलवली. म्हशींनाही ते पटलेलं दिसलं नाही.

तसं बघायला गेलं तर म्हातारा आणि सर दोघंही बरोबर होते. आपल्याकडे शेतकऱ्याला तुडतुडे माहीत असतात ते कपाशीवरचे, भातावरचे आणि आंब्यावरचे. म्हणजे ज्यांच्यावर फवारा मारावा लागतो तेवढेच. जगात मात्र तुडतुड्यांच्या वीस हजारांहून जास्त प्रजातींना आजवर नावं दिली गेली आहेत. लांबी बहुतेकांची अवघी काही मिलिमीटर, आकार पाचरीसारखा, मागच्या पायांवर बारीक काट्यांच्या रांगा, आणि धोका दिसला की पान सोडून पळण्याऐवजी तिरकं चालत काडीच्या मागच्या बाजूला सरकायची सवय. पिकावरच्या तुडतुड्यांवर विद्यापीठं आहेत, औषधं आहेत, रेडिओवर सल्ले आहेत. डोंगरावरच्या गवतातल्या तुडतुड्याला शत्रू नाही म्हणून वालीही नाही. त्यातले काही आखूड पंखांचे. त्यांना लांब उडता येत नाही, आणि गवतही एखादंच चालतं. एक डोंगर सोडून दुसऱ्यावर गेलं की भलताच तुडतुडा भेटू शकतो. सरकारी कागदांत असल्या माळांना बऱ्याचदा 'पडीक' म्हणतात, आणि मग चांगल्या मनाची माणसं ट्रक भरभरून रोपं घेऊन तिथे झाडं लावायला येतात. सरांना आयुष्यात मी दोनदाच चिडलेलं पाहिलं. त्यातलं एक असल्या वृक्षारोपणाच्या निमंत्रणपत्रिकेवरून.

दुसरं पंख्यावरून. सरांच्या खोलीत मे महिन्यातही पंखा लागत नाही, कारण टेबलावर टाचणीच्या डोक्याहून जरा मोठे असे पन्नासएक जीव त्रिकोणी कागदांच्या टोकांना चिकटवलेले असतात. हा सगळा सरंजाम एकाच प्रश्नासाठी असतो, की यातला नर कोणता? तुडतुड्यांच्या माद्या इतक्या एकसारख्या असतात की त्यांच्यावरून पुष्कळदा काहीच ठरत नाही. प्रजात ठरते ती नराच्या जननेंद्रियावरून. त्यामुळे सर गवत झोडपून घरी आले की काकू दार उघडतानाच विचारतात, "नर सापडला का?" शेजारच्या फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू आले तेव्हा त्यांनी हे वाक्य ऐकलं आणि जाता-येता काकूंशी फार आदराने वागायला लागले. त्यांचा समज झाला होता की मुलीसाठी स्थळं बघताहेत.

सरांना दोन मुली. दोघींचं त्यांना अपार कौतुक. पण धाकटी सांगते, "बाबांना मुलगाच हवा होता. फक्त चार मिलिमीटरचा."

नर मिळाला की त्याचं पोट अलगद वेगळं काढायचं. ते परीक्षानळीत दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून गरम करायचं, म्हणजे मऊ भाग विरघळतो आणि कडक सांगाडा तेवढा उरतो. मग पाण्यात धुवायचं, काचेवर ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचं आणि केसासारख्या सुईने वळवून वळवून बघायचं. हे चालू असताना घरात कुणी शिंकायचं नाही. एकदा वरच्या मजल्यावर कुणी मिक्सर लावला, सरांचा हात हलला आणि पोट टेबलावरून खाली गेलं. अख्खं घर गुडघ्यांवर! जावई नुकताच आलेला होता, तोही हातात टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरला. "नक्की काय शोधायचंय?" त्याने आतूनच विचारलं. "पोट," सासरे म्हणाले. सापडलं ते काकूंच्या पदराला चिकटलेलं, तेही काकूंनाच दिसलं. सरांनी ते चिमट्याने उचललं आणि लग्नाआधी पहिल्यांदा बघायला आल्यासारखे काकूंकडे बघून हसले.

सरांचा तोंडाळपणा सुरू होतो तो इथून पुढे. आमच्याकडे सत्यनारायण होता. प्रसादाची वाटी हातात घेऊन सर माझ्या मामांना समजावून सांगत होते की शिश्नाच्या टोकाला दोन काटे असतील तर ती एक प्रजात, आणि काटे मुळाशी असतील तर दुसरी, आणि आपल्याकडच्या नराला एक टोकाला आणि एक मधे! मामा रिटायर्ड पोस्टमास्तर. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि भटजींकडे बघितलं. नराची मादीला हाक मारायची तऱ्हाही सर त्याच सुरात सांगतात. तो पोट थरथरवतो, ती थरथर गवताच्या काडीतून पुढे जाते आणि मादीला पायांतून कळते. यावर काकूंचं म्हणणं असं की गवतातली हाक यांना समजते, स्वयंपाकघरातून मारलेली समजत नाही.

एवढं सगळं झालं तरी लगेच नवं नाव देता येत नाही, कारण मधे डिस्टंट उभा असतो. विल्यम लुकास डिस्टंट हा लंडनचा माणूस, आयुष्यातला बराच काळ कातडी कमावण्याच्या धंद्यात. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत 1908 साली त्याने आपल्याकडच्या तुडतुड्यांची खंडभर वर्णनं छापली. वर्णनं बहुतेक रंगांची, ठिपक्यांची. काट्यांबद्दल चकार शब्द नाही. त्यामुळे आपला नवा म्हणून नाचवावा तो डिस्टंटचा जुना निघायची भीती कायम. त्याचे मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात. सर तिथल्या लोकांना पत्रं लिहितात, फोटो मागवतात आणि डिस्टंटला पितृपक्षात मनोमन एक घास काढून ठेवतात, असा मला संशय आहे.

डिस्टंट नाही म्हणाला की नाव. स्वतःचं नाव स्वतःच्या किड्याला द्यायला नियम मनाई करत नाहीत, पण तसं केलेल्या माणसाकडे पुढच्या परिषदेत सगळे बघून हसतात. सरांनी सड्याखालच्या गावाचं नाव घेऊन त्याला लॅटिन शेपूट लावलं. सरपंचांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "उत्तम. अनुदान किती?" बायकोचं नाव का दिलं नाही, हा प्रश्न काकूंनी विचारला नाही, पण त्या आठवड्यात चहात साखर कमी होती.

आणि ज्या नमुन्यावर ती प्रजात उभी, तो एकमेव नर घरात ठेवता येत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तो सरकारने ठरवलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. दोन्ही मुलींची लग्नं कोरड्या डोळ्यांनी लावून दिलेले सर, प्राणी सर्वेक्षण विभागाच्या पुण्यातल्या केंद्रात तो डबा देऊन आले त्या दिवशी जेवले नाहीत.

निबंध छापून आला. एका वर्तमानपत्राने चार ओळी दिल्या आणि सोबत भल्यामोठ्या हिरव्यागार नाकतोड्याचा फोटो. सोसायटीत सगळ्यांनी अभिनंदन केलं, दोघांनी फुलपाखराबद्दल. सरांना त्याचं काही नाही. त्यांची काळजी पुढची आहे. नव्या प्रजातीच्या नावामागे ती वर्णन करणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष लागतं. उद्या कुणी शहाणा उठला आणि त्याने ती प्रजात उचलून दुसऱ्या वंशात, म्हणजे जीनसमध्ये, नेऊन ठेवली, तर नाव राहतं, पण कंसात जातं. सामान्य माणसाच्या नावाआधी कधीतरी 'कैलासवासी' लागतं. तुडतुडेवाल्याला जिवंतपणीच कंस लागू शकतो. तेव्हापासून सर या विषयावरचा प्रत्येक नवा निबंध आधी मागून वाचतात.

बातमी देवगडलाही पोचली. तिथे काकूंच्या धाकट्या भावाची हापूसची बाग आहे. मोहोरावर तुडतुडा बसला की तो फुलांतला रस ओढतो, पानांवर चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी धरते, आणि वर्षाचं गणित फवारणीतच संपतं. त्या रात्री मेहुण्याचा फोन आला. अभिनंदन वगैरे काही नाही.

"भाओजी, हो तुमचो नवो तुडतुडो खयच्या औषधान मरता?"

सरांनी समजावलं, की अरे हा आंब्यावर येत नाही. हा बाराशे मीटरवर, एका जातीच्या गवतावरच राहतो. इतक्या वर्षांत कधी आला का तुझ्या बागेत?

"अजून नाय ईलो," मेहुणा म्हणाला. "पण आता तुमी तेका नाव दिलास मा. आता येतलो."