भिंतीला थाट, पाठीला गारठा

नवं मालीश केंद्र उघडलं की आत बहुतेक ठिकाणी तोच बुद्ध, तीच बांबूची कुंडी, दगडांवरून झुळझुळणारा तोच विजेवरचा धबधबा. भिंतीला टेक्श्चर पेंट, वर पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात ओळीनं एलईडी. फोटो झकास येतो. मग आलेला माणूस पालथा पडतो आणि त्याला दिसते फक्त फरशी. उताणा झाला की एलईडी थेट डोळ्यांत. सगळा पैसा ओतलाय तो त्याची नजर तासभर जाणार नाही अशा जागी.

खोलीत पहिली लागते खुंटी. कपडे उतरवा म्हणता, मग ते ठेवायचे कुठे? बूट काढायला स्टूल हवं, चष्म्याला ताटली हवी, मंगळसूत्राला आणि कानातल्यांना झाकणाची वाटी हवी. ती नसली की बाई मंगळसूत्र मुठीत धरून झोपते, आणि मूठ आवळलेली असली की खांदा सैल सुटत नाही. तुम्ही कितीही रगडा. एका वाटीपायी निम्मी मालीश वाया जाते, याचा मला खरंच राग येतो.

आता टेबल. रुंदी 28 ते 30 इंच पुरते. कमी असली तर हात खाली लोंबतात. जास्त असली तर मालीश करणाऱ्याला दिवसभर ओणवं होऊन पलीकडे पोचावं लागतं. उंचीचा हिशेब सोपा आहे. टेबलाशेजारी ताठ उभं राहून हात सैल सोडा, मुठीची पेरं टेबलाला टेकली पाहिजेत. म्हणजे माप काम करणाऱ्याचं घ्यायचं, झोपणाऱ्याचं नव्हे. सुताराला माप न देता ‘एक टेबल करून दे’ म्हटलं तर तो स्वयंपाकाच्या ओट्याएवढं उंच करून आणतो. मग बुटकी मुलगी अंगाचा भार टाकू शकत नाही, सगळा जोर अंगठ्यांनी लावते आणि अंगठेच कामातून जातात. ज्या हातांवर धंदा चालतो त्यांच्यासाठी पाय वरखाली करता येणारं टेबल घ्या. सोबत तोंडाला गादीचं कडं आणि एक लोड: पालथं असताना घोट्यांखाली, उताणं असताना गुडघ्यांखाली. कंबरेला आराम मिळतो तो त्या लोडामुळे.

एसीचं तर बघायलाच नको. 2020 पासून स्टार लेबलचे एसी कारखान्यातूनच 24 अंशांवर लावून येतात. अंगभर कपडे घातलेल्या माणसाला ते ठीक. तेल लावलेल्या उघड्या पाठीवर तोच झोत आला की स्नायू आखडतात. मालीश करणारा घामेघूम होतो हेही खरं. त्याच्या बाजूला छोटा पंखा लावा, झोत टेबलावरून वळवा, पांघरूण हाताशी ठेवा.

हे शास्त्र आपल्याला परकं नाही. बाळंतिणीची खोली आठवा. दार लोटलेलं, वारा अडवलेला, तेलाची वाटी गरम पाण्यात, हाताशी जुनं मऊ लुगडं, मालीशवाल्या मावशी पाय पसरून बसलेल्या आणि बाळ त्यांच्या नडग्यांवर. बंद खोलीतली कोळशाची शेगडी घातकच होती, ती गेली ते बरं झालं. बाकीची मांडणी अंगाला काय हवं ते ओळखून केलेली होती.

पंचकर्मवाल्यांची लाकडी द्रोणी मला आवडते. तिच्या कडेची पन्हळ, पायाशी तेल निथळायला ठेवलेलं भोक, सगळं विचारानं केलेलं. पण लाकूड तेल पितं, तेल खवट होतं. तो वास अगरबत्तीनं झाकू नका, द्रोणी घासा. जमत नसेल तर फायबरची घ्या, त्यात कमीपणा नाही.

फरशीला चकचकीत टाइल लावणाऱ्यांना एकच विनंती. तळव्याला तेल लागलेल्या सत्तरीच्या आजींना टेबलावरून उतरताना एकदा बघा. खडबडीत टाइल आणि एक बुटकी पायरी एवढ्यावर खुब्याचं हाड वाचतं.

आणि कपाट. तेलकट टॉवेल ड्रायरमधून गरमागरम काढून, घड्या घालून, गच्च रचून बंद केले तर आत उरलेलं तेल आपोआप तापत जातं आणि पेटूही शकतं. टॉवेल आधी पूर्ण गार होऊ द्या, कपाटाला दाराऐवजी उघडे कप्पे करा. इंटिरिअरवाला म्हणेल, दिसायला बरं नाही. म्हणू दे.

उद्घाटनाआधी मालकानं स्वतः कपडे उतरवून, एसी चालू ठेवून, तासभर त्या टेबलावर पडावं. मग तासभर उभं राहून दुसऱ्याची पाठ रगडावी. सुताराचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा.