ग्रेसचे मार्क

अप्पाकाकांना आयुष्यात पुष्कळ गोष्टी आवडल्या, पण मार्क दिल्याशिवाय एकही नाही. काकूंच्या पुरणपोळीला लग्नाच्या वर्षी ६२ पडले होते. पन्नास वर्षांत ती मोठ्या कष्टानं ७१ वर आली आहे. पुण्याच्या एका कॉलेजात त्यांनी ३४ वर्षं फिजिक्स शिकवलं, विद्यापीठाचे पेपर तपासले, पुढे मॉडरेटर झाले. निवृत्तीनंतर पेपर यायचे थांबले, पण लाल पेन खिशातच राहिलं. त्या पेनाला काम हवं म्हणून ते एल्व्हिस प्रेस्ली तपासतात. हा पेपर त्यांच्याकडे १९६८ पासून आहे आणि निकाल अजून लागलेला नाही.

एल्व्हिस त्यांच्या हाती लागला तोच मुळी कॉपीच्या केसमध्ये. त्या वर्षी 'झुक गया आसमान' आला होता आणि त्यातलं रफीचं स्वप्नातल्या पाहुणीचं गाणं सगळं हॉस्टेल गुणगुणत होतं. खोलीतल्या एका पारशी मुलानं सांगितलं, ही चाल एल्व्हिसच्या 'मार्गेरिटा'ची, १९६३ च्या 'फन इन अकापुल्को'मधली. काका मूळ उत्तरपत्रिका तपासायला म्हणून गेले आणि तिकडेच राहिले. शंकर-जयकिशनांवरची कारवाई बारगळली.

पुढे कळलं की या मूळ उत्तरपत्रिकेवरही कॉपीचा संशय आहे. तेव्हापासून मार्कांचा जो लंबक हलायला लागला तो थांबेचना. 'हाउंड डॉग' १९५६ मध्ये एल्व्हिसनं गाजवलं, पण त्याआधी बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेनं ते गायलं होतं. काकांनी ताबडतोब दहा मार्क कापले. मग समजलं, गाणं तिनं लिहिलेलंच नव्हतं, ते लीबर आणि स्टोलर या दोन पोरसवदा गोऱ्यांनी लिहिलं होतं. सहा परत. नंतर समजलं, एल्व्हिसनं चाल तिच्यावरूनही उचलली नव्हती, लास व्हेगासमध्ये एक बँड हे गाणं गंमत म्हणून वाजवत होता, तिथून घेतली. म्हणजे कॉपीची कॉपी. परत चार वजा. शेवटी कुठूनसं कळलं की रेकॉर्डिंगच्या दिवशी या पोरानं ते गाणं एकतीस वेळा गायलं, आणि इतर सगळे थकले तरी हा 'अजून एकदा' म्हणत राहिला. काकांचं पेन अडलं. नक्कल करणारा पोरगा एकतीसदा लिहून काढत नाही, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

गेल्या वर्षी काका-काकू अटलांटाला आमच्याकडे सहा महिने आले. काकूंना नायगारा पाहायचा होता. काका म्हणाले, "पाणी कुठेही पडतं." आणि आम्ही मेम्फिसच्या रस्त्याला लागलो.

वाटेत टुपेलो लागतं. ८ जानेवारी १९३५ ला एल्व्हिस तिथे जन्मला, जुळ्यातला. भाऊ जन्मतःच गेलेला. बापानं १८० डॉलर उसने काढून उभारलेलं ते दोन खोल्यांचं घर अजून उभं आहे. काकांनी ते पावलांनी मोजलं.

काकू म्हणाल्या, "गिरगावात आम्ही सात माणसं एका खोलीत होतो. मला किती देणार?"

"तू गात नाहीस," काका म्हणाले, आणि वहीत परिस्थितीचे दोन मार्क वाढवले.

वही हा स्वतंत्र विषय आहे. विद्यापीठाच्या गुणतक्त्यासारखे रकाने आखलेले. 'प्रात्यक्षिक' या सदरात कमरेची हालचाल येते. टीव्हीवाल्यांनी जानेवारी १९५७ मध्ये त्याला कमरेच्या वरच दाखवलं, म्हणून तिथे 'परीक्षकांनी अर्धाच पाहिला' असा शेरा आहे. साठच्या दशकातल्या सिनेमांपुढे सरळ 'गैरहजर'. त्यानं एकूण एकतीस कथापट केले, आणि त्यातले बहुतेक काकांनी पाहिलेत, हे विशेष. मग डिसेंबर १९६८ चा तो टीव्हीवरचा कार्यक्रम, काळ्या चामड्याच्या कपड्यातला. तिथे 'एटीकेटी सुटली' असं अधोरेखित. पुढच्याच वर्षी मेम्फिसला परत येऊन केलेल्या रेकॉर्डला काकांनी दिलेले ८४ हे त्या वहीतले सर्वोच्च मार्क. भीमसेनांना ८८ आहेत, पण ती वही वेगळी.

मेम्फिसमध्ये सन स्टुडिओ म्हणजे जेमतेम एक खोली. इथेच १९५३ मध्ये हा अठरा वर्षांचा मुलगा सुमारे चार डॉलर भरून स्वतःच्या आवाजाची तबकडी करायला आला होता. तिथल्या मॅरियन कीस्कर बाईंनी नोंद करून ठेवली, बॅलड चांगलं गातो, लक्षात ठेवावा. "याला म्हणतात शेरा," काका हळवे होऊन म्हणाले. त्यानंतर जुलै १९५४ ची ती रात्र. गिटारवर स्कॉटी मूर, बासवर बिल ब्लॅक. तासन् तास संथ गाणी चालली होती आणि काही केल्या जमत नव्हतं. जरा विसावा घेताना एल्व्हिसनं सहज आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचं जुनं ब्लूज गाणं उड्या मारत म्हणायला घेतलं, बाकीचे दोघे त्यात शिरले, आणि आत बसलेल्या सॅम फिलिप्सनं सांगितलं, हेच पुन्हा करा. गाइड हे सांगत असताना काका मला कोपरानं ढोसत होते. "सिलॅबसबाहेरचा प्रश्न! आणि सोडवला कधी, तर मधल्या सुट्टीत!"

तबकडीच्या दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं केंटकीच्या चांदण्याचं गाणं होतं. मूळ तीनाच्या ठेक्यात डुलत जाणारं, यानं ते चारात घालून पळवलं. त्यावर मन्रोनं काय करावं? स्वतःचं गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, सुरुवात जुन्या चालीत आणि पुढे एल्व्हिसच्या वेगात. हे काकांचं आवडतं प्रमेय. "चौतीस वर्षांत कॉपीची प्रकरणं मी शेकड्यांनी पाहिली. पण कॉपीवाल्याचं उत्तर पाहून पुस्तकाच्या लेखकानं पुढची आवृत्ती सुधारली, असं एकही नाही."

"पण त्यानं स्वतः गाणी कुठे लिहिली?" मी उगीच काडी घातली.

काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या, "लताबाईंनी कुठे लिहिली?"

"लताबाईंनी आनंदघन नावानं चाली दिल्यात," काका म्हणाले. मोठ्या परीक्षकाचं हेच दुःख असतं, आपल्याच बाजूचा मुद्दाही त्याला चूक निघालेला चालत नाही. मला स्वतःला काकूंचं पटतं. बंदिश कोणाची हे आपण ख्याल ऐकताना विचारतो, पण त्यावरून गवयाचे मार्क कापत नाही. आणि आवाज तर असा, की एक गाणं ओठातल्या ओठात, आणि १९६० मध्ये 'ओ सोले मिओ'च्या चालीवरचं दुसरं शेवटी थेट ऑपेराच्या उंचीवर.

ग्रेसलँड पाहून मात्र काका खचले. एका खोलीत जमिनीवर हिरवा केसाळ गालिचा, आणि वर पाहावं तर छतालाही तोच. "कर्नलनं केलं हे," म्हणत ते बाहेर आले. कर्नल म्हणजे मॅनेजर टॉम पार्कर, मूळचा हॉलंडचा, पासपोर्ट नसलेला. एल्व्हिसनं अमेरिकेबाहेर गायलं ते फक्त कॅनडात, तेही १९५७ मध्येच. बेचाळिसाव्या वर्षी, १६ ऑगस्ट १९७७ ला, तो याच घरात गेला. मागच्या बागेत आईवडिलांशेजारी त्याची कबर आहे. काका तिथे वही उघडून उभे राहिले.

"क्रूडपला त्या गाण्याचे पैसे शेवटपर्यंत नीट मिळाले नाहीत," ते म्हणाले. "पाच कापावे लागतील."

"कोणी खाल्ले?" काकूंनी विचारलं.

"क्रूडपच्या मॅनेजरनं."

"मग मार्क पोराचे का कापता? तबकडीवर नाव क्रूडपचंच होतं ना?"

"होतं." काका जरा थांबले. "आणि १९५७ मध्ये एका कृष्णवर्णीय साप्ताहिकाला त्यानं स्वतःच सांगितलं होतं, हे संगीत माझ्या आधीपासूनचं आहे, फॅट्स डॉमिनोसारखं मला गाता येत नाही. पण नाव झालं याचं, पैसा मिळाला याला, आणि ते बिचारे..." पेन वहीवर टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. "याला रकानाच नाही गं."

"जागेचं नावच ग्रेसलँड आहे," काकू म्हणाल्या. "ग्रेसचे द्या आणि चला. पाय दुखतायत माझे."

परतताना रात्र झाली. मी त्याची भक्तिगीतं लावली. एवढ्या मोठ्या रॉक अँड रोलवाल्याला स्पर्धेतली तीनच ग्रॅमी मिळाली आणि तिन्ही भजनांना, हे काका एरवी कुचेष्टेनं सांगतात, मूल्यशिक्षणात पहिला म्हणून. आज काही बोलले नाहीत. बाहेर मिसिसिपीचा अंधार, मागे काकू घोरतायत, आणि आत तो आवाज खालून वर चढत चाललेला. वही डॅशबोर्डवर उघडी होती, पेनाचं टोपण कुठेतरी पडलं होतं.

"किती?" मी हळूच विचारलं.

"अजून थोडा वाढव," काका डोळे मिटून म्हणाले. "काकू उठणार नाही."