वादळाच्या नावावर

आमच्या आणि वैनींच्या आगरांमध्ये कंबरभर उंचीचा गडगा आहे. 3 जून 2020 ला 'निसर्ग' आलं तेव्हा त्यांच्या दोन पोफळी त्यावर आडव्या झाल्या आणि मधला हातभर भाग ढासळला. तो अजून रचलेला नाही. दोन्ही घरचे पुरुष दर वर्षी पावसाआधी "यंदा गडगा घालून टाकू" म्हणतात आणि आम्ही दोघी दर वर्षी "हो, हो" म्हणतो. त्या खिंडारातून विरजण जातं, आमसुलं येतात आणि बातम्यांची ने-आण होते.

परवा दुपारी वैनी आमसुलं उलटायला आल्या, मी साठांवरचं फडकं सारखं करायला.

"थोरला आलाय," वैनी म्हणाल्या.

"गाडी बघितली मी."

"गाडी बघितलीस, गाडीतून काय आणलंन ते नाही बघितलंस." वैनींनी मागे वळून ओटीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "बाहुला आणलाय गो. एक नाही, दोन. अगदी सारखे."

"नातवाला?"

"नातवाला हात लावायची बंदी आहे! एक बघायचा आणि एक खोक्यातून काढायचाच नाही. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या. सून काही बोलत नाही, पण पोळ्या लाटताना पोळपाट आपटत होती."

संध्याकाळी थोरला स्वतःच खिंडारापाशी आला. मला लहानपणापासून काकू म्हणतो, त्यामुळे माझ्यापाशी लाजत नाही. हातात खोकं. खोक्यात ही-मॅन. ज्यांच्या घरात 1980 नंतरच्या दशकात मुलगा नव्हता त्यांच्यासाठी सांगते: अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने 1982 मध्ये काढलेला हा साडेपाच इंची पैलवान. केसाळ लंगोट, डोक्यावर बायकी वळणाचे पिवळे केस, हातात तलवार. आपल्याकडे तो लिओ-मॅटेल या नावाने दुकानांत आला, आणि दूरदर्शनवर त्याचं कार्टून लागायला लागल्यावर पोरांनी घरच्या पट्ट्या, लाटणी, केरसुण्या काही हातात धरायचं शिल्लक ठेवलं नाही. थोरल्याचा ही-मॅन मला चांगला आठवतो. पाटाच्या पाण्यात तो इतका वेळ असायचा की त्याच्या लंगोटावर शेवाळं धरलं होतं.

"हा बघा काकू. 2020 मध्ये मॅटेलने 'ओरिजिन्स' म्हणून जुनी सगळी मंडळी परत काढली. तोच आकार, तोच चेहरा, खोक्यावरचं चित्रसुद्धा त्याच धाटणीचं."

"मग झालं तर."

"पण तो नव्हे ना!"

आणि मग त्याने मला जे सांगितलं ते एखाद्या वैद्याने रोग्याबद्दल सांगावं तसं. जुन्याची कंबर पिळून सोडली की आतल्या स्प्रिंगने तो गर्रकन फिरायचा आणि गुद्दा मारायचा. नव्यात ती स्प्रिंगच नाही. त्याऐवजी तो सोळा ठिकाणी वळतो. गुडघा वळतो, कोपर वळतं, मनगट वळतं, शिवाय हात-पाय उपटून दुसऱ्या बाहुल्याला लावता येतात. (मी मनात म्हटलं, आमच्या ह्यांचे गुडघे या कंपनीकडे पाठवायला हवेत.) उलट जुन्याचे पाय आतून रबराने बांधलेले. वर्षं गेली की रबर सैल पडतं आणि पाय लुळे होतात. अस्सल जुना म्हटला की तो लंगडा असायचाच.

"नवा जास्त चांगला आहे म्हणजे," मी म्हटलं.

"चांगला आहे हो. तेच तर!"

ठाण्या-दादरकडच्या अशा पाच-सहा बाप्यांचा कंपू आहे म्हणे. त्यांच्यात या नव्या अवतारांवरून उभी फूट पडलीय. ज्याच्याकडे जुना, न फोडलेल्या पाकिटातला माल आहे, तो नव्याचं नाव काढलं की तोंड फिरवतो. इतकी वर्षं जपलं, जुन्या बाजारात उन्हात हिंडलो, आणि आता कोणीही उठावं आणि तेच घेऊन यावं? ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो खूश. लहानपणी बापाने घेऊन दिला नाही तो आता स्वतःच्या पगारातून घेतो आणि रात्री टेबलावर ठेवून बघत बसतो. त्याला स्प्रिंगचं दुःख नाही, कारण त्याने ती कधी पिळलेलीच नव्हती. आणखी एक आहे तो जी. आय. जोचे सैनिक गोळा करतो, पण फक्त फनस्कूलचे. फनस्कूल म्हणजे टायरवाल्या एमआरएफची, 1987 साली सुरू झालेली. साचे अमेरिकेतल्या हॅस्ब्रोचे, पण इकडे रंग वेगळेच लागले. तिकडे हिरवा असलेला सैनिक इकडे भलत्याच भडक रंगात निघाला. आता परदेशातले शौकीन नेमके तेच रंग शोधत असतात. ह्या गृहस्थाला कंपनीने उद्या बरोब्बर रंगातला सैनिक काढून दिला तरी तो घ्यायचा नाही.

"आणि तुझं काय?" मी विचारलं.

"माझा वादळात गेला ना काकू. पेटीच गेली सगळी. म्हणून मी नव्याला नावंही ठेवू शकत नाही आणि..." त्याने वाक्य सोडून दिलं.

या वेळी वैनी आमसुलं उलटत होत्या. ती दुपारीच उलटून झाली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी विषय पुढे सरकला. वैनींचं म्हणणं साधं होतं. "जुना दागिना मोडून नवा घडवला तर सोनं तरी तेच राहतं गो. ह्यात तेच असं काय राहिलं?"

मी म्हटलं, तुमच्या सावंतवाडीची गंजिफा नाही का परत आली? वैनींचं माहेर सावंतवाडीजवळचं, त्यामुळे ही कळ दाबली की तासाभराची निश्चिंती. पण या वेळी त्यांनी खरोखर ऐकण्यासारखं सांगितलं. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 गोल पानं. दहा अवतारांचे दहा रंग, दर रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. कागदाला चिंचोक्याची खळ, वर रंग, त्यावर लाखेचा लेप, आणि प्रत्येक पान हाताने रंगवायचं. छापील पत्ते आल्यावर हे कोण विकत घेणार? 1970 च्या आसपास ते काम नीट येणारे चितारी जवळजवळ संपले होते. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी मनावर घेतलं. पुंडलिक चितारी म्हणून अगदी म्हातारे कारागीर होते, त्यांच्यापाशी राणीसाहेब स्वतः शिकल्या. मग राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये पोरं बसवून काम सुरू केलं. आता तर त्या गंजिफांना आणि सावंतवाडीच्या लाकडी कामालाही जीआय मानांकन मिळालंय.

"तेव्हा मी शाळकरी वयाची," वैनी म्हणाल्या, "पण ह्या नव्या गंजिफा खोट्या आहेत असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही."

"कारण त्या म्हाताऱ्याच्या हातातून ह्यांच्या हातात आल्या."

"हां. आणि कंपनीच्या कपाटातून साचा काढला, तर त्यात कुणाचा हात?"

मला हे पटलं, पण पूर्ण नाही. कंपनीतही कोणीतरी माणूस बसूनच ठरवतो की चड्डी केसाळच पाहिजे. तो बहुतेक थोरल्याच्याच वयाचा असणार आणि त्याचाही ही-मॅन कुठेतरी हरवलेला असणार.

वैनींना मात्र आता सावंतवाडीची चितारआळी आठवली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळभांडी, पोळपाट-लाटणं, जातं, आणि ती रंगवलेली फळं, की पाहुण्याने ताटातून केळं उचलावं आणि फसावं. ही खेळणी कोणी 'परत' काढली नाहीत, कारण ती बंदच पडली नव्हती. म्हणूनच बहुधा कुणाचा जीव त्यांच्यासाठी तुटत नाही. मी बोलून दाखवलं तर वैनी म्हणाल्या, "माझा तुटतो. माझी खेळभांडी नणंदेच्या मुलीने नेलीन, ती आजवर परत दिली नाहीन."

इतक्यात नातू धावत आला. त्याला अखेर खोक्याबाहेरचा ही-मॅन खेळायला मिळाला होता. बापाचं मन विरघळलं होतं किंवा पोळपाटाचा परिणाम झाला होता. पण ही-मॅन पाटाच्या कडेला उताणा पडलेला आणि पाण्यात चालली होती पत्र्याची फटफट बोट, चैत्रातल्या महालक्ष्मीच्या यात्रेतून आजोबांनी आणून ठेवलेली. ही बोटसुद्धा मोठी जुनी हो. टॉमस पिओ नावाच्या माणसाने 1891 मध्ये इंग्लंडात तिचं पेटंट घेतलेलं आहे. आत एक चपटी पत्र्याची डबी, तिला मागे उघडणाऱ्या दोन नळ्या. खाली तेलाची वात किंवा मेणबत्तीचा तुकडा. डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळीतलं पाणी मागे ढकलते, बोट पुढे सरकते. वाफ निवली की नळी परत पाणी ओढते. पत्रा आतबाहेर होतो, त्याची ती फटफट. सव्वाशेच्या वर वर्षं झाली तरी तिची मूळ युक्ती बदललेली दिसत नाही. यात्रेतली बोट पहिल्या आठवड्यात गळायला लागते, हा दोष तेव्हाही होता, आजही आहे.

थोरला उभा राहून बघत होता. "बघ, मुलगा खेळतोय," मी म्हटलं. तर म्हणतो, "पत्र्याची कड कापेल त्याला. आणि ह्याच्या रंगात शिसं असलं तर? 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे काकू." मी त्याला म्हटलं, तुझ्या जुन्या ही-मॅनला तू दात येतानाच्या वयात भेटला असतास तर चावला असतास, शिक्का न बघता. तो हसला. बाहेरून आणलेली खेळणी फार महाग झालीत, हेही त्याने सांगितलं. आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं आणि 2023 मध्ये 70. हे दोन बाहुले मेहुणीच्या बॅगेतून आलेत.

वस्तू जमवणाऱ्यांवरून आठवलं, पुण्याला गेलात तर केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, वाद्यं, खेळणी जमवली आणि त्या सगळ्याला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हापासून, वस्तू जमवणाऱ्या माणसाला मी कधी येडा म्हणत नाही. थोरल्यालाही म्हटलं नाही. वैनींना वाटलं मी त्याची बाजू घेतेय.

आता खरी गोष्ट. ती मला नंतर, सगळे समुद्रावर गेल्यावर कळली. वैनी खिंडारातून या बाजूलाच आल्या आणि आमच्या पायरीवर बसल्या.

"पेटी वादळात गेली नाही गो."

मी साठं सोडून त्यांच्याकडे बघितलं.

थोरला इंजिनिअरिंगला पुण्याला गेला त्या वर्षी त्यांच्याकडे नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याचा मुलगा माडावरून पडून मांडी मोडून घेऊन पडला होता. नऊ-दहा वर्षांचा. तीन महिने खाटेवर. वैनी पेज घेऊन गेल्या, तर पोर भिंतीवरच्या पाली मोजत पडलेलं. परत येऊन त्यांनी माळ्यावरची पेटी काढली आणि जशीच्या तशी नेऊन दिली. ही-मॅन, त्याचा तो कवटीवाला शत्रू, एक चाक नसलेली जीप, गोट्या. "मला वाटलं थोरला आता मोठा झाला, त्याला काय त्याचं. सांगायचं राहून गेलं. मग मोठा होऊन विचारायला लागला, 'आई, पेटी नीट आहे ना?' मी म्हटलं, आहे. दर खेपेला म्हटलं, आहे. मग वादळ आलं, कौलं उडाली, माळा भिजून खाली आला. फोन लागला तेव्हा पहिलं विचारलंन, 'तुम्ही बरे आहात ना?' आणि दुसरं, 'पेटी?' मी म्हटलं, गेली रे वादळात."

"मग?"

"रडला गो. साठ पोफळी पडल्या त्याला नाही रडला."

वादळाच्या नावावर या गावात पुष्कळ काय काय खपलं. आमच्याकडे एक न परत केलेली किसणी त्याच खात्यावर गेली. पण आईच्या तोंडून असं ऐकल्यावर काय बोलायचं ते मला सुचेना. सांगून टाका, एवढंच मी म्हटलं.

"सांगितलं असतं. पण आता त्याने कंपूत सगळ्यांना सांगून ठेवलंन, माझा ही-मॅन निसर्ग चक्रीवादळात गेला म्हणून. तिकडे मान आहे म्हणे त्याला त्याचा."

वैनी उठल्या, खिंडारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"अजून आहे तो. गेल्या गणपतीत पाडेल्याकडे दर्शनाला गेले होते. त्या मुलाला आता स्वतःची दोन मुलं आहेत. मखराच्या एका बाजूला उभा केलाय, द्वारपालासारखा. पाय लुळे आहेत म्हणून मागून काथ्याने बांधलाय. तलवार कधीच हरवली असणार, हातात उदबत्तीची काडी दिलीन. मी कंबर हळूच पिळून बघितली."

"आणि?"

"फिरला की. प्रसादाची वाटी पाडलीन."

पाडेल्याच्या गणपतीला दोन्ही घरांतून जायची आमची जुनी पद्धत आहे. आणि यंदा गणपतीला थोरल्याने आठ दिवसांची रजा टाकलीय. वाचणाऱ्यांपैकी कुणी ठाण्याकडचं असेल तर कृपा करून इतक्यात त्याच्याकडे काही बोलू नका.